हातावर येणारे मासे

शारजातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. ‘ताई, तुमची यशोगाथा हवी. दोन वर्षांपूर्वी आपण सत्कार केला ना तुमचा, त्याच्यावरच लिहा.’ मी हो म्हटलं. नंतर तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा दुसऱ्या पानावर अडकले. ज्या आकड्यासाठी मला शाल मिळाली तो आकडा खरा आहे, पण तो मी मिळवलेला नाही. तेव्हा यशोगाथा राहू द्या. मी माझ्या कामाबद्दल लिहिते. ते मला येतं.

काम काय, हे आधी सांगायला हवं, कारण ते इथे कुणाला माहीत नसतं. हळदीकुंकवाला गेलं की ठरलेलं बोलणं होतं.

‘तुम्ही काय करता?’

‘मी मासे वाढवते.’

‘अॅक्वेरियमचे?’

‘नाही.’

‘मग खायचे? हमूर वगैरे?’

‘खायचेही नाहीत.’

इथे समोरची बाई मदतीसाठी इकडेतिकडे बघायला लागते. मग माझी मुलगी सई, जी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, ‘ममा ग्रोज फिश दॅट ईट बग्ज ऑफ अदर फिश.’ याहून सोपं मलाही सांगता आलेलं नाही.

सॅल्मन हा थंड देशातला मासा. तिकडे समुद्रात मोठमोठ्या जाळ्यांचे पिंजरे टाकून तो वाढवतात. एका जागी इतके मासे कोंडले की त्यांना उवा होतात. उवाच म्हणतात त्यांना. माशाच्या अंगाला चिकटून त्या कातडी खातात, जखमा होतात, मासा मरतो. औषधं मारून मारून उवा औषधाला दाद देईनाशा झाल्या. मग लोकांनी अशा माशांचा शोध घेतला जे दुसऱ्याच्या अंगावरच्या उवा टिपून खातात. त्यातला एक लम्पफिश. त्याला पिंजऱ्यात सॅल्मनसोबत सोडतात. समुद्रातून इतके लम्पफिश पकडत बसणं परवडत नाही आणि चांगलंही नाही, म्हणून ते हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून, वाढवायचे. हे माझं काम.

मी हे वडिलांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आमचं गाव गोंदियाकडचं. आम्ही ढिवर. गावच्या तलावावर जाळं टाकायचं आणि आईने टोपली घेऊन बाजारात बसायचं, असं घर. मासे पकडणारे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले, माशांची डिग्री घेतलेली मी पहिली. कॉलेजच्या फॉर्मवर ‘पालकांचं शिक्षण’ या रकान्यात मी रेघ मारली होती. ती रेघ मारताना मला लाज वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही. तर वडील शेवटी म्हणाले, ‘माशाच्या उवा काढाले तू कालेजात गेली होती का वं?’

आता दुसरा प्रश्न. तुम्हीही तो विचारणारच. थंड पाण्यातला मासा अमिरातीत कशाला?

आमच्या कंपनीने रास अल खैमाच्या वाटेवर टाक्यांमध्ये सॅल्मन वाढवायचा कारखाना काढला होता, हॉटेलांसाठी. पाणी गार करायची यंत्रणा आयती होती आणि एक हॉल रिकामा होता. त्याच वेळी उत्तरेकडच्या एका देशातल्या पिंजरेवाल्या कंपनीला रोग नसलेले लम्पफिश हवे होते. त्यांच्या भागातल्या हॅचऱ्यांमध्ये रोगराई होती. आमचं पाणी बंद, गाळलेलं, पुन्हा पुन्हा शुद्ध केलेलं. तेव्हा तिथून अंडी विमानाने इकडे यायची, इथे मोठे होऊन मासे विमानाने परत तिकडे जायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो. कागदावर तो बसत होता, आणि या देशात कागदावर बसलेल्या बऱ्याच गोष्टी उभ्या राहतात.

मी शारजात राहते. सकाळी सगळी शारजा दुबईच्या दिशेने गाडीत बसून गोगलगायीसारखी सरकत असते, त्यात अल क्वोजच्या गोडाऊनमध्ये हिशेब लिहिणारा माझा नवराही असतो. मी उलट्या दिशेने जाणारी. माझा रस्ता मोकळा. एवढं एक सुख या नोकरीने मला रोज दिलं.

हॉलमधून बाहेर आलं की चष्म्यावर धुकं जमायचं. बाहेर सेहेचाळीस, आत नऊ-दहा. जुलै महिन्यात आम्ही स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर रबरी एप्रन घालून काम करायचो. जेवायला बाहेर आलं की सगळं उतरवायचं, परत आत जाताना चढवायचं. माझे गुडघे त्या दारात गेले. डॉक्टर म्हणाली, ‘तुम्ही थंड हवेत राहत होता का?’ मी म्हटलं, ‘हो, शारजात.’

पहिल्याच खेपेला अंडी विमानतळावर अडकली. बॉक्स उघडून अधिकारी बघत होता. बर्फावर ओळीने ट्रे, ट्रेमध्ये गुलाबी दाणे. त्याने विचारलं, ‘कॅव्हिअर?’ आता खरं सांगायचं तर याच माशाची अंडी खारवून स्वस्तातलं कॅव्हिअर म्हणून विकतात, तेव्हा तो अगदीच चुकला नव्हता. मी म्हटलं, ‘नाही, यातून पिल्लं निघणार आहेत.’ तो हसला. म्हणाला, ‘कॅव्हिअरमधून पिल्लं?’ त्याने शेजारच्याला बोलावलं, त्याने आणखी एकाला. तिघं मिळून बघत राहिले आणि बर्फ वितळत राहिला. शेवटी मी मोबाइलवर टॉर्च लावून एका दाण्यामागे धरली. आत दोन काळे ठिपके दिसले, डोळे. अधिकाऱ्याने झाकण लगेच बंद केलं. ‘यल्ला, मॅडम, घेऊन जा. खलास.’

अंड्यातून निघालेलं पिल्लू लहान बेडकीच्या पोरासारखं दिसतं. त्याच्या पोटाखाली एक चकती असते. त्या चकतीने ते कशालाही चिकटून बसतं. पोहायचा त्याला कंटाळा. म्हणून टाकीत गुळगुळीत प्लॅस्टिकचे पत्रे टांगायचे, त्यावर ही पिल्लं ओळीने चिकटून बसतात. आधी जिवंत बारीक किडे खाऊ घालायचे, मग दाणा. दाणा टाकायला पट्ट्याचं मशीन. थोडी वाढली की गोल, हिरवट-निळी, फुगीर. आमच्या हॉलमधली पोरं त्यांना लाडू म्हणायची. ‘मॅडम, तीन नंबरचे लाडू तयार झाले.’

लाडू दिसायला गरीब, पण एक मोठी खोड. लहान-मोठे एकत्र राहिले की मोठा लहानाची शेपटी कुरतडतो. शेपटी गेली की जखम, जखमेत रोग, मग एक मेला की दहा. म्हणून दर थोड्या दिवसांनी सगळी टाकी उपसून मासे निवडायचे, लहान इकडे, मोठे तिकडे. तांदूळ निवडतात तसं. याला आम्ही ग्रेडिंग म्हणतो. नंतर प्रत्येक माशाला गुंगीच्या पाण्यात टाकून पोटात लसीचं इंजेक्शन. प्रत्येकाला, हाताने. संध्याकाळी घरी आल्यावर पोळी लाटताना माझा अंगठा आपोआप दाबल्यासारखा हलायचा.

हॉलमध्ये आम्ही सात जण होतो. त्यात वयाने सगळ्यात मोठे बाबी तांडेल, देवगडकडचे, पन्नाशी ओलांडलेले. आम्ही सगळे त्यांना बाबीकाका म्हणायचो. ते मला मॅडम म्हणायचे, मी कितीदा सांगूनही. आखातात त्यांची वीसेक वर्षं गेली होती, बांधकामावर, मग एका मॉलच्या कारंज्यावर, मग आमच्याकडे. कॅम्पातल्या खोलीत सहा जणांत राहायचे. शांत माणूस. मासे निवडताना त्यांचा हात सगळ्यात हलका. पत्र्याला चिकटलेला लाडू आम्ही ओढून काढायचो, ते बोटाने बाजूने दाबायचे आणि तो आपोआप सुटायचा.

एकदा इंजेक्शनच्या टेबलावर बसल्या बसल्या मी विचारलं, ‘काका, तुमचा तर घरचा मचवा आहे. इकडे कसे आलात?’

ते हसले. ‘कोणाक सांगू नकात, हसतले. तांडलाचो झील आनि समुद्राक भियाता.’

होडीवरच्या तांडेलाचा मुलगा आणि समुद्राला भितो. मग सांगितलं. तरुणपणी त्यांची होडी बंदराच्या तोंडाशी उलटली. दुपारभर ते एका रिकाम्या पिंपाला धरून पाण्यात होते. सोबतचा चुलत भाऊ दुसऱ्या बाजूने धरून होता, तो मधेच दिसेनासा झाला. त्यानंतर बाबीकाका होडीत चढले की त्यांच्या हातापायांना कापरं भरायचं. गावात ते सांगता येईना. धाकटा भाऊ होडी सांभाळायचा. ‘म्हणान इकडे इलंय,’ ते म्हणाले. ‘ह्या टाकीत पाणी कमरेइतक्या. ह्यातला मासो माका चलता. माका परत होडयेर जावचा नाय, मॅडम. तेवढा एक सोडून काय पण काम सांगा.’

पहिल्या दोन-तीन तुकड्या बऱ्या गेल्या. मासे मरायचे, पण तितके सगळीकडेच मरतात. मग एक तुकडी आली, तिच्यात मासे मरेचनात. मी आकडे दोनदा तपासले. शेपट्या शाबूत. लहान मासेसुद्धा वाढत होते. आमचे जनरल मॅनेजर नायरसाहेब, केरळचे, सहसा हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत, ते जॅकेट घालून आले. ‘मॅडम, ये कैसे किया?’

मी म्हटलं, ‘ग्रेडिंगचं वेळापत्रक बदललं, सर.’

ते बदललं होतं, हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं, आणि मला माहीत होतं.

महिनाभर आधी एका संध्याकाळी शिफ्ट संपता संपता मी हॉलमध्ये राहिलेला पेन घ्यायला परत गेले होते. बाबीकाका पाच नंबरच्या टाकीवर वाकले होते. हातमोजा काढलेला. तळहातावर दाणा आणि तो हात गार पाण्यात. कोपऱ्यातले चिमुकले लाडू एकेक करून येत होते आणि त्यांच्या तळहाताला चिकटून बसून खात होते. मला बघून त्यांनी हात काढला नाही. कदाचित काढता येत नव्हता, चार-पाच मासे चिकटलेले होते.

‘काका, मशीन आहे ना?’

‘मशीन सगळ्यांक सारख्याच देता, मॅडम. पण खाणारे सगळे सारखे नसतत. ह्ये बारके बघा, कोपऱ्यात रवतत. मोठे तेंका येवकच देनत नाय. उपाशी रवलो तर दुसऱ्याची शेपटी खातलो. माणूस पण तसोच.’

नियमाप्रमाणे मी तिथेच थांबवायला हवं होतं. मोजा न घालता पाण्यात हात घालणं चूक, मापाबाहेर दाणा घालणं चूक. मी काही बोलले नाही. पेन घेतला आणि निघाले. पुढे रोज ते घडत होतं आणि रोज मी त्या वेळेला ऑफिसमध्ये काहीतरी काम काढून बसत होते. कारण आकडे चांगले येत होते. त्या आकड्यांवर मी एक प्रेझेंटेशन केलं, मत्स्यपालनवाल्यांच्या एका परिषदेत दिलं, माझ्या नावाने. त्यात ग्रेडिंगचं वेळापत्रक होतं, आलेख होते. बाबीकाकांचा हात नव्हता. त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला, आणि मग सत्कार.

त्या तुकडीतले मासे उत्तरेला गेले. दोनेक महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. तिकडे माशांच्या तब्येतीचं बघणारी इनग्रिड नावाची बाई होती. कामाची, कमी बोलणारी. तिने कॅमेरा पिंजऱ्यावर धरला. तिच्या सहकाऱ्याने पाण्यावर हात नेला. खालून आमचे लाडू वर यायला लागले. एक, दोन, पाच. सॅल्मन बाजूने फिरत होते, अंगावर उवा घेऊन, आणि लाडू माणसाच्या हाताकडे बघत होते.

‘तुमचे मासे माणसांना ओळखतात,’ ती म्हणाली. ‘आम्ही पोटं तपासली. दाणा आहे. उवा जवळजवळ नाहीत. तुमच्याकडे काय झालं ते आम्हाला लेखी हवं. पुढची ऑर्डर त्यावर ठरेल.’

कॉल संपल्यावर नायरसाहेबांनी टेबलावर पेन दोनदा आपटला. ‘मॅडम, मुझे रीज़न चाहिए. तीन दिन. ऑर्डर गई तो हॉल गया, समझो.’

तीन दिवस मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी मी पाण्याचं तापमान, दाण्याचा प्रकार, वाहतुकीचा वेळ, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवलं. ज्यात काय आहे ते मला माहीत होतं ते मी पुन्हा बघितलं आणि वेळा लिहून घेतल्या. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिला. कारण: एका कामगाराने परवानगीशिवाय, वारंवार, हाताने मासे खाऊ घातले, त्यामुळे मासे माणसावर आणि दाण्यावर अवलंबून राहिले. उपाय: संबंधित कामगारावर कारवाई. खाली माझी सही आणि डिग्री.

त्या रिपोर्टमधलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त, मला हे कित्येक महिन्यांपासून माहीत होतं, हे वाक्य त्यात नव्हतं. आणि मासे का मेले नाहीत, हेही नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, हॉल वाचला तर सहा जणांची नोकरी वाचते. हे गणित मला त्या दिवशी बरोबर वाटलं होतं.

कामगाराचं म्हणणं म्हणून एक कागद असतो, त्यावर त्याची सही लागते. मी बाबीकाकांना ऑफिसमध्ये बोलावलं. ते एप्रन काढून, हात पुसून आले. मी कागद पुढे केला, हिंदीत वाचून दाखवला, मग मराठीत. ते उभेच होते.

‘बसा ना, काका.’

बसले नाहीत. ‘ह्येच्यात लिवला हा, मी इचारल्याशिवाय केलंय.’

‘हो.’

‘तुमी बघी होतात मां?’

मी खोटं बोलले असते तर त्यांनी मानलं असतं. इतका तो माणूस सरळ होता. मी म्हटलं, ‘हो. बघत होते.’

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला बरं पडलं असतं. ‘मगे झाला,’ ते म्हणाले. ‘खंय सही करू?’

त्यांनी रेघेवर नाव लिहिलं. मग विचारलं, ‘घराक धाडतले?’

‘नायरसाहेब ठरवतील.’

‘म्हणजे धाडतले.’ त्यांनी पेनाचं टोपण लावून टेबलावर ठेवलं. ‘भाव म्हणी होतो, माणूस कमी आसा होडयेर. बरा झाला तेचा.’

हे ते टोमण्याने म्हणाले नाहीत. मी खूप वेळा आठवून पाहिलंय. टोमणा नव्हता.

व्हिसा कॅन्सल व्हायला इथे फार दिवस लागत नाहीत. त्या वयात एकदा गेलेला माणूस परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. हॉलमधल्या पोरांनी वर्गणी काढून त्यांना बॅग घेऊन दिली. मला कुणी विचारलं नाही. मी त्या दिवशी हॉलमध्ये गेलेच नाही, दुसऱ्या बाजूच्या सॅल्मनच्या टाक्यांवर काहीतरी मोजत राहिले.

ऑर्डर मिळाली. पुढची तुकडी आम्ही अगदी नियमाने वाढवली. टाकीवर पाटी लावली, हाताने खाऊ घालू नये. शेपट्या कुरतडायला सुरुवात झाली. रोज सकाळी मी टाकीच्या तळाशी जाळी फिरवायचे आणि मेलेले लहान लाडू बादलीत टाकायचे. मरणाचा आकडा होता तिथे परत आला, मग त्याच्याही वर गेला. ‘ग्रेडिंगचं वेळापत्रक तेच आहे ना?’ नायरसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, तेच आहे.

उरलेले मासे तिकडे गेले. काही आठवड्यांनी इनग्रिडचा ईमेल आला. मी तो खुर्चीत बसून वाचला, मग उभी राहून वाचला. याही माशांच्या पोटात दाणाच निघाला होता. मग त्यांनी स्वतःच्या माणसांची चौकशी केली. या माशांना पिंजऱ्यात आधारासाठी दाण्याची वडी टांगतात, पण ती सुरुवातीला थोडे दिवस टांगायची नसते, म्हणजे त्यांना उवा शोधायची सवय लागते. तिकडच्या लोकांनी ती पहिल्या दिवसापासून टांगली होती. दोन्ही वेळा. समोर वडी असताना कोण उवा शोधत बसेल? तिने सरळ लिहिलं होतं, चूक आमची होती, मागच्या वेळीही बहुधा हेच कारण असावं, तसदीबद्दल क्षमस्व. शेवटी आणखी एक ओळ होती: खरं सांगायचं तर सगळे लम्पफिश उवा खातच नाहीत, कितीही नीट वाढवले तरी.

तसदी. या शब्दावर मी बराच वेळ थांबले होते.

मी तो ईमेल प्रिंट करून नायरसाहेबांकडे नेला. सोबत एक पान लिहून नेलं होतं. हाताने खाऊ घालणं मला माहीत होतं, मी ते थांबवलं नाही, मासे वाचले ते त्यामुळेच, आणि रिपोर्ट दुरुस्त करावा. त्यांनी दोन्ही वाचलं. नायरसाहेब वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

‘मॅडम, वो आदमी तो गया.’

‘मालूम है, सर.’

‘तो अब किसके लिए?’

‘फाइल के लिए.’

‘फाइल में लगा देता हूँ,’ ते म्हणाले. लावलं की नाही, मला माहीत नाही.

वर्षभरात तो व्यवसायच बदलला. पिंजऱ्यात सोडलेले हे मासे बहुतेक तिथेच मरतात, परत कुणी येत नाही, हे तिकडच्या लोकांना टोचायला लागलं. नियम कडक व्हायला लागले. आमच्या ग्राहकाने उवा काढायची यंत्रं घेतली आणि पुढची ऑर्डर दिली नाही. हॉल रिकामा केला. टाक्यांमध्ये जे लाडू उरले होते त्यांना गुंगीच्या पाण्यात टाकून संपवावं लागलं. औषध जास्त घालायचं, इतकंच. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. आता तिथे सॅल्मनचीच पिल्लं असतात आणि मी त्यांच्यावर असते. हॉल वाचवायला मी जे केलं होतं त्याने हॉल वर्षभर टिकला.

बाबीकाका तोवर भावाच्या होडीवर जायला लागले होते. हे मला हॉलमधल्या एका पोराकडून कळलं. तो त्यांच्याच गावाकडचा. ‘जातात, मॅडम. मधे बसून बर्फ फोडतात. बोलत नाहीत कुणाशी. काकी सांगत होत्या, जायच्या आदल्या दिवशी जेवत नाहीत.’ त्याने हे मला सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं, आम्ही बोलत होतो म्हणून सांगितलं. मी फोन करायचं ठरवायचे आणि करायचे नाही. काय बोलणार होते?

मग या वर्षी एका दुपारी मी गाडी चालवत असताना भारतातल्या नंबरवरून फोन आला. कोकणातल्या एका कोळंबी हॅचरीचे मालक. त्यांना टाक्यांवर अनुभवी माणूस हवा होता.

‘बाबी तांडेल म्हणून आहेत, त्यांनी तुमचा नंबर दिलाय. म्हणाले, माझ्या कामाचं मॅडमना विचारा.’

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्या माणसाने माझाच नंबर दिला होता. दुसऱ्या कुणाचा देणार? त्यांचं काम बघितलेली मीच होते.

‘कागदावर लिहिलंय, नियम मोडला म्हणून काढलं,’ मालक म्हणाले. ‘आमच्याकडे मापाबाहेर दाणा गेला तर पाणी खराब होतं. एका दिवसात टाकी जाते. म्हणून विचारतो. माणूस ऐकणारा आहे का?’

‘ऐकणारा आहे,’ मी म्हटलं. ‘त्यांना कुणी थांबवलंच नव्हतं. थांबवायचं काम माझं होतं. मी रोज बघत होते आणि गप्प होते, कारण त्यांच्यामुळे मासे जगत होते आणि नाव माझं होत होतं. तक्रार आल्यावर मी त्यांचं नाव लिहिलं. पुढे निघालं की चूक त्यांची नव्हतीच.’

‘तुम्ही हे सगळं मला कशाला सांगताय?’

‘तुम्ही विचारलंत म्हणून.’

‘लिहून द्याल?’

‘देते.’

कंपनीच्या कागदावर देता येणार नव्हतं. मी साध्या कागदावर मराठीत लिहिलं, खाली सही केली, फोटो काढून पाठवला. या वेळी सहीखाली डिग्री लिहिली नाही. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, ‘हे फिरलं तर तुझीच नोकरी जाईल.’ मी म्हटलं, ‘फिरू दे.’ बोलायला सोपं होतं. दोन आठवडे मी ऑफिसचा प्रत्येक ईमेल उघडताना आधी श्वास घेत होते. ते फिरलं नाही.

महिन्याने मी स्वतः फोन केला. बाबीकाकांनी लगेच उचलला. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

‘लागलात का काका कामाला?’

‘लागलंय. पंधरा दिवस झाले.’

‘आणि होडी?’

‘सोडली. भावान शिव्ये घातल्यान. घालूंदे. हंय पाय जमनीर आसत.’

‘कोळंबी कशी आहे?’

‘कोळंबी काय, कोळंबीच ती. तेका माणूस काय आनि लाकूड काय.’

मी हसले, तेही थोडं हसले. मग मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणायला लागले. ‘काका, त्या वेळी मी जो रिपोर्ट लिहिला ना...’

‘तां जावंदे, मॅडम,’ ते म्हणाले. ‘पाणी बदलूची येळ झाली. ठेवतंय.’

आणि ठेवला.

तां जावंदे म्हणजे ते जाऊ द्या. माफ केलं असा त्याचा अर्थ होत नाही. मी गोंदियाकडची, मला कोकणातलं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण एवढं कळतं.